मात्रा, लंघन आणि पथ्य : मिताहाराच्या कल्पनेचा एक शब्दनिष्ठ इतिहास

शरीर सडसडीत व निरोगी राहावे म्हणून रोजच्या खाण्यापिण्याला काही वळण लावावे, हा विचार अलीकडचा आहे असा एक समज सुशिक्षित वर्गात रूढ आहे. वजनाचे काटे, उष्मांकांची कोष्टके व ‘डाएट’ हा शब्द या तिन्ही गोष्टी अर्वाचीन काळातल्या आहेत हे खरे. परंतु त्यांच्या मागचा प्रश्न पुष्कळ जुना आहे. माणसाने किती खावे, केव्हा थांबावे, आणि ‘किती’ हे कोणी ठरवावे, या प्रश्नांची चर्चा भारतीय वाङ्मयात निदान दोन हजार वर्षे अखंड चालू आहे. त्या चर्चेने मराठीला मात्रा, मित, लंघन, पथ्य, उपास, फराळ असे कितीतरी शब्द दिले. हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. मात्र त्यांचे अर्थ मूळच्या जागी राहिलेले नाहीत. ते कोठून कोठे सरकले याचा मागोवा घेतल्यास मिताहाराच्या कल्पनेचा इतिहास बराचसा उलगडतो, इतकेच नव्हे तर त्या कल्पनेचा दुरुपयोग कोठे झाला हेही दिसून येते.

१. द्रोण आणि नाळी

आहार कमी करून एखाद्या स्थूल मनुष्याने आपला देह हलका केल्याची एक अतिशय जुनी भारतीय हकीकत पाली वाङ्मयात सापडते. संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात ‘दोणपाक’ नावाचे एक लहानसे सुत्त आहे. कोसल देशचा राजा पसेनदी, म्हणजे संस्कृतातील प्रसेनजित्, हा त्या काळी एक द्रोणभर धान्याचा भात खात असे. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकीत तो बुद्धाकडे आला. त्याची अवस्था पाहून बुद्धाने एक गाथा म्हटली. जो मनुष्य सदैव जागरूक राहतो व मिळालेल्या अन्नात मात्रा ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश जीर्ण होतो, असा तिचा आशय आहे. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा एक तरुण उभा होता. ती गाथा पाठ करून आपण जेवावयास बसलो की म्हणत जा, असे राजाने त्याला सांगितले व त्याबद्दल रोज शंभर कहापण देण्याचे ठरविले. पुढे राजा क्रमाक्रमाने एका नाळीभर भातावर आला. त्याचा देह सडपातळ झाला, आणि एके दिवशी आपल्या अंगावरून हात फिरवीत त्याने म्हटले की, भगवंताने या लोकीच्या व परलोकीच्या अशा दोन्ही हिताने आपल्यावर अनुकंपा केली.

या हकीकतीतील प्रमाणे लक्षात घेण्याजोगी आहेत. पाली परंपरेच्या सामान्य कोष्टकाप्रमाणे चार नाळींचे एक आळ्हक व चार आळ्हकांचा एक दोण होतो. म्हणजे राजाचा आहार सोळा भागांवरून एका भागावर आला. मूळच्या द्रोणात राजेशाही अतिशयोक्ती असेल, हे मान्य केले तरी घट मोठी आहे. परंतु ती एका दिवसात झाली नाही. सुत्तात ‘अनुक्रमाने’ या अर्थाचा शब्द स्पष्टपणे योजलेला आहे, आणि नंतरच्या अट्ठकथेने ती रीत अधिक तपशिलाने सांगितली आहे. राजा शेवटच्या घासापाशी आला की सुदस्सनाने गाथा म्हणावी, राजाने तो घास टाकावा, आणि त्या घासात जितके तांदूळ असतील तितके दुसऱ्या दिवशी कमी शिजवावेत. घास टाकण्याने संयम घडतो आणि तांदूळ कमी शिजविण्याने तो टिकतो. उपदेश एकदाच करून भागत नाही, तो नेमक्या क्षणी कानी पडावा लागतो व स्वयंपाकघराच्या व्यवस्थेत उतरावा लागतो, ही जाणीव या लहानशा कथेत आहे.

गाथेतला मध्यवर्ती शब्द ‘मत्ता’ हा आहे. तो संस्कृत ‘मात्रा’ या शब्दाचे पाली रूप होय. भिक्षूंच्या गुणांत ‘भोजनात मत्तञ्ञुता’, म्हणजे जेवणातील मात्रा जाणणे, हा गुण वारंवार सांगितला जातो. मज्झिमनिकायातील भद्दालि व कीटागिरि या दोन सुत्तांत बुद्ध रात्रीचे किंवा वारंवारचे भोजन सोडण्याचे फळ सांगतो. ते फळ मोक्षपर नसून सर्वस्वी शारीरिक आहे : आजार कमी होणे, अंग हलके राहणे, बळ व सुखाने राहणे. ‘लहुट्ठान’, म्हणजे उठण्याबसण्यातील हलकेपणा, हा त्यातील शब्द पुढे वैद्यकातील ‘लाघव’ या संज्ञेशी जुळतो.

‘द्रोण’ हा शब्द मराठीत आज पत्रावळीशेजारी मांडावयाच्या पानाच्या वाटीचा वाचक आहे. राजाच्या पोटाचे माप असलेला शब्द आमटीच्या वाटीपर्यंत आला, हा अर्थसंकोच मोठा गमतीचा आहे. उलट ‘कुडव’ हे संस्कृतात प्रस्थाच्या चौथ्या हिश्शाचे लहान माप. ते कोकण-गोव्याच्या धान्यव्यवहारात टिकले, पण तेथे वीस कुडवांची एक खंडी होत असल्यामुळे पुष्कळ मोठे झाले. मापांची नावे टिकतात व त्यांची परिमाणे बदलतात. म्हणून जुन्या ग्रंथांतील आहाराचे आकडे आजच्या वजनांत सरळ उतरवून घेणे धोक्याचे ठरते.

२. बत्तीस घास

धान्य मापून ठरविलेला आहार हा स्वयंपाक्याच्या दृष्टीचा. जेवणाऱ्याच्या दृष्टीचा आहार घासांनी मोजला जातो. आपस्तंब धर्मसूत्रात संन्याशाला आठ, वानप्रस्थाला सोळा व गृहस्थाला बत्तीस घास सांगितले आहेत; ब्रह्मचाऱ्याला मात्र मोजमाप नाही. वाढत्या वयाच्या विद्यार्थ्याला पोटभर खाऊ द्यावे, हा यामागील विवेक उघड आहे. बैल, अग्निहोत्री व ब्रह्मचारी हे खाल्ल्यानेच आपले काम तडीस नेतात, असा भावार्थही तेथेच पुढे आला आहे. मात्रा ही सर्वांना सारखी नसून ती आश्रमपरत्वे, म्हणजे वय व श्रम यांच्या मानाने, बदलते असे सूत्रकार मानतो.

हाच बत्तीसचा आकडा जैन आगमांत भेटतो. कोंबडीच्या अंड्याएवढा एक घास, असे बत्तीस घास हा पुरुषाचा पूर्ण आहार मानून त्याहून कमी खाण्याला ‘ओमोयरिया’, संस्कृतात ‘अवमौदर्य’ किंवा ‘ऊनोदरी’, असे म्हटले आहे. तत्त्वार्थसूत्रात सहा बाह्य तपांमध्ये अनशनाच्या पाठोपाठ याची गणना आहे. यात विशेष लक्षात घेण्याजोगे आहे ते पायऱ्यांचे वर्गीकरण. आठ घास खाणारा अल्पाहारी, नंतर बारा, सोळा व चोवीस अशा पायऱ्या. आणि बत्तिसांतला एकच घास कमी करून एकतीस घेणारासुद्धा किंचित् ऊनोदरी समजला जातो. एक घास सोडणे हेही तप होय, असे मानणाऱ्या परंपरेने सामान्य गृहस्थाला आवाक्यातील एक व्रत दिले. अनशन अनेकांना अशक्य असते. एकतिसाव्या घासाशी थांबणे कोणालाही शक्य असते.

धर्मसूत्रे, बौद्ध व जैन या तीन परंपरा अन्य अनेक बाबतींत परस्परविरोधी आहेत. असे असता मात्रेच्या बाबतीत त्यांचे एकमत व्हावे, आणि दोघींत तर आकडाही एकच यावा, यावरून ही कल्पना कोणा एका पंथाची नसून तत्कालीन लोकव्यवहारातील सर्वसामान्य ज्ञान असावी, असे म्हणण्यास हरकत नाही.

३. वैद्यकातील मात्रा

या लोकज्ञानाला शास्त्राचे रूप आले ते चरकसंहितेत. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारचे ‘निंदित’ देह सांगितले आहेत. अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोम, लोमहीन, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल व अतिकृश असे ते आठ होत. या आठांपैकी शेवटच्या दोघांचाच विचार पुढे विस्ताराने येतो, कारण आयुर्वेदाला उपचार करता येतो तो त्यांच्यावरच. अतिस्थूलाचे आयुष्य घटते, चपळाई जाते, दुर्बलता येते, घामाचा व दुर्गंधीचा त्रास होतो, भूक व तहान वाजवीपेक्षा वाढतात. कारणेही दिली आहेत : अतिभोजन, जड, गोड, थंड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप, सदैव आनंदात व निश्चिंत असणे, आणि बीजाचा स्वभाव. शेवटच्या कारणाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. स्थूलतेचा काही वाटा जन्मतःच आलेला असतो, हे ग्रंथकाराला ठाऊक होते. सारा दोष खाणाऱ्याच्या माथी मारावा असे त्याला वाटले नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे स्थूल मनुष्य अधिक का खातो याचे स्पष्टीकरण. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरतो व अग्नी चेतवितो. त्यामुळे खाल्लेले लवकर जिरते व पुन्हा भूक लागते, असे चरकाचे म्हणणे आहे. यातील शारीरविज्ञान आज स्वीकारता येणार नाही. परंतु भूक ही केवळ हावरेपणाची खूण नसून स्थूलतेचाच एक परिणाम असू शकते, हे त्यातील निरीक्षण तर्कदृष्ट्या मोलाचे आहे. म्हणूनच त्यावरचा उपाय ‘उपाशी राहा’ असा नाही. स्थूलाला ‘गुरु’ पण ‘अपतर्पण’ करणारे अन्न द्यावे, म्हणजे जे पोटात जड राहील पण पोषण फारसे वाढविणार नाही असे. आणि कृशाला याच्या उलट, लघु पण संतर्पक. या तत्त्वास अनुसरून जव, सावा, कोद्रू, कुळीथ, मूग, आवळा, पडवळवर्गातील भाज्या, मध घातलेले पाणी, ताकापासून केलेले तक्रारिष्ट असे पदार्थ सांगितले आहेत. यांतील बहुतेक धान्ये व कडधान्ये गोरगरिबांच्या घरची आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘यव’, ‘श्यामाक’, ‘कोद्रव’, ‘कुलत्थ’, ‘मुद्ग’, ‘तक्र’ हे शब्द जव, सावा, कोद्रू, कुळीथ, मूग, ताक या रूपांनी मराठीत उतरले, तसे त्यांचे पदार्थही उतरले. जागरण, व्यायाम व चिंतन हे उपायही सांगितले आहेत, पण ते ‘क्रमाने वाढवीत’ न्यावेत अशी अट आहे. सवय एकदम मोडू नये, चतुर्थांशाने सोडावी, असा जो ‘पादांशिक’ क्रम सातव्या अध्यायात येतो, तो पसेनदीच्या शेवटच्या घासाचा शास्त्रीय भाऊबंदच होय.

मात्रेची व्याख्या करताना चरक आकडा सांगत नाही. आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या अग्निबलावर अवलंबून असते, एवढेच तो म्हणतो. आणि जेवढे अन्न प्रकृती न बिघडविता वेळेवर जिरते तेवढी त्याची मात्रा, अशी कसोटी देतो. विमानस्थानात कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला व एक वात-पित्त-कफांना मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. वाग्भटाने चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पेयाला व एक रिकामा अशी वाटणी केली. वाटणीत फरक पडला, पण काही जागा रिकामी ठेवावयाची हे दोघांनाही मान्य आहे. जड पदार्थ अर्ध्या तृप्तीपर्यंतच खावेत आणि हलकेही अतितृप्ती होईतो खाऊ नयेत, हा वाग्भटाचा नियम याच विचारातून आला आहे. त्याशिवाय आधीचे अन्न जिरल्यावर जेवावे, फार घाईने किंवा फार रेंगाळत जेवू नये, जेवताना बडबड व हसणे टाळून अन्नाकडे चित्त द्यावे, असे साधे नियम चरकाने दिले आहेत.

पाण्याविषयी वाग्भटाचे एक मत प्रसिद्ध आहे. जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो व आरंभी पिणारा कृश होतो, असे तो म्हणतो. जेवणापूर्वी पाणी पिण्याच्या उपयोगाविषयी आधुनिक काळातही प्रयोग झाले आहेत. मध्यम वयाच्या पुढील स्थूल व्यक्तींवर केलेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, कमी उष्मांकांच्या आहाराबरोबर प्रत्येक जेवणापूर्वी सुमारे अर्धा लिटर पाणी पिणाऱ्यांचे वजन बारा आठवड्यांत इतरांपेक्षा अधिक घटल्याचे आढळले. एवढ्यावरून वाग्भटाचे संपूर्ण शास्त्र सिद्ध झाले असे मानणे अनुचित होईल. निरीक्षण जुळले म्हणून उपपत्ती जुळते असे नाही.

४. लंघन, पथ्य, उपास : मराठीतील अर्थांतरे

आता या संज्ञांचे मराठीत काय झाले ते पाहू. ‘लंघन’ म्हणजे उपाशी राहणे असा आजचा अर्थ आहे. चरकाच्या बाविसाव्या अध्यायात मात्र जे जे देहात लाघव आणते ते ते सर्व लंघन, अशी व्यापक व्याख्या असून त्याचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत चार शोधने, तहान सोसणे, वारा, ऊन, पाचन, उपवास व व्यायाम यांचा समावेश होतो. म्हणजे उपवास हा लंघनाचा एक दशांश होता. मराठीत तो संपूर्ण लंघन होऊन बसला. शब्दाच्या मुळाशी ‘लघु’ आहे, आणि ग्रीक ‘एलाखुस’ व लॅटिन ‘लेविस’ हे त्याचेच दूरचे आप्त होत. हलके होणे हे साध्य होते. न खाणे हे अनेकांतील एक साधन. अर्थसंकोचामुळे साधनाने साध्याची जागा घेतली.

‘पथ्य’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. पाणिनीने ‘त्यापासून न ढळलेले’ या एकाच अर्थी एकाच सूत्रात चार शब्द साधले आहेत : धर्म्य, पथ्य, अर्थ्य व न्याय्य. पथापासून न ढळलेले ते पथ्य. न्यायापासून न ढळलेले ते न्याय्य. म्हणजे पथ्य ही मूलतः वर्ज्य पदार्थांची यादी नव्हती, तर वाटेने चालणे होते. जुन्नरच्या परिसराशी ज्याचा संबंध परंपरा जोडते तो लोलिंबराज आपल्या ‘वैद्यजीवन’ ग्रंथात पथ्य असेल तर औषधाची गरज नाही व पथ्य नसेल तर औषधाचा उपयोग नाही, या अर्थाचे विधान करतो, तेव्हा त्याच्याही मनात हाच विधायक अर्थ आहे. आजच्या मराठीत मात्र ‘पथ्य आहे’ म्हणजे काही तरी खावयाचे नाही, असेच समजले जाते. तरीही क्रियापदाने मूळची स्मृती राखली आहे. मराठीत पथ्य ‘पाळतात’. वचन, धर्म व शब्द पाळतात तसेच.

‘उपवास’ हा शब्द तर भुकेचा नव्हेच. यज्ञाच्या आदल्या रात्री देव यजमानाच्या घरी वस्तीला येतात, म्हणून तो ‘उपवसथ’, असे शतपथ ब्राह्मणाच्या आरंभीच सांगितले आहे. पाहुणे जेवण्यापूर्वी आपण जेवणे योग्य नाही, म्हणून खाऊ नये असे एक मत तेथे येते. याज्ञवल्क्य त्यावर तोड काढतो : खाऊनही न खाल्ल्यासारखे होईल ते खावे, म्हणजे रानात उगवणारे किंवा झाडाचे फळ. उडीद चालावेत अशी एकाची सूचना मात्र त्याच ठिकाणी नाकारली आहे. उपासाला काय ‘चालते’ हा महाराष्ट्रातील घराघरांतला वाद इतका प्राचीन आहे.

फळांचा तो ‘फलाहार’ मराठीत ‘फराळ’ झाला आणि आज दिवाळीतील चकली-करंजीलाही तेच नाव आहे. उपासाच्या पानावरही असेच परिवर्तन झाले. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आपल्याकडचा साबूदाणा होतो तो कंद, हे सर्व मूळचे अमेरिका खंडातील. शास्त्रकारांनी त्यांचा निषेध केला नाही, कारण ते त्यांना माहीतच नव्हते. आणि ज्याचा निषेध नाही ते उपासाला चालू लागले. परिणामी तुपात परतलेली साबूदाण्याची खिचडी व शेंगदाण्याचे कूट हे लंघनाचे अन्न ठरले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनीच या विसंगतीवर केलेली टीका होय.

मूळचा अर्थ मराठीत अगदीच हरवला असे मात्र नाही. गीतेतील ‘युक्ताहार’ या पदावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी (ज्ञानेश्वरी, शके १२१२, इ. स. १२९०) आहार सोडण्यास सांगितलेले नाही, तो युक्तीच्या मापाने मोजून घेण्यास सांगितले आहे. ‘मविणे’ हे तेथे योजलेले क्रियापद, आणि मात्रा, मित, माप हे सर्व शब्द ‘मा’ या एकाच धातूच्या कुळातले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ नवहस्त याने रचलेल्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात पदार्थांचे गुणदोष सांगताना मराठी नावे जागोजागी येतात. या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष प्रा. प. कृ. गोडे यांनी वेधले. वैद्यकाचे आहारज्ञान पोथीतून मराठी स्वयंपाकघरापर्यंत कसे पोचले, याचा तो चांगला पुरावा आहे. दरम्यान ‘मात्रा’ या शब्दाने मराठीत दुसरीच वाट धरली. वैद्याच्या बटव्यातील जालीम रसायनाला मात्रा म्हणू लागले व ‘मात्रा लागू पडणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. खाणाऱ्याने स्वतः ओळखावयाची मात्रा वैद्याने उगाळून द्यावयाची वस्तू बनली.

५. दुसऱ्याने ठरविलेले माप

मापाचा अधिकार खाणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणे किती भयंकर असू शकते, हे एकोणिसाव्या शतकाने दाखविले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाले. सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे हे जिल्हे त्यात सापडले. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे दुष्काळविषयक प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य व वर थोडी रोकड एवढ्यावर भागेल असे ठरविले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसासाठीचे हे माप होते. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी ते अपुरे असल्याचे सांगून किमान दीड पौंड धान्य व त्याबरोबर डाळी-भाजीपाला यांची मागणी धरली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या अटींवर काम करण्याचे नाकारले. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळी भागातील माहिती गोळा करून त्यांची बाजू मांडली. मद्रास इलाख्यात पुढे मजुरीचे प्रमाण वाढवावे लागले. १८८० चा दुष्काळ आयोगाचा अहवाल व १८८३ ची दुष्काळसंहिता हे या अनुभवाचे उत्तरकालीन फलित होय.

या प्रकरणाचा मिताहाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की कमी अन्नात भागते हे विधान दोन्हीकडे सारखेच आहे. भेद कर्त्याचा आहे. पसेनदीने आपला घास आपण टाकला. सोलापूरच्या मजुराचा घास दुसऱ्याने काढून घेतला. चरकाने अतिकृशालाही निंदित देहांतच घातले आहे. स्थौल्य व कार्श्य यांत कार्श्य बरे असे तो म्हणतो ते उपचाराच्या सोयीने, कृशता हे ध्येय म्हणून नव्हे. त्याचा आदर्श देह सममांसप्रमाणाचा, दृढ इंद्रियांचा आहे. आणि अग्निबल हे मात्रेचे गमक धरले तर खडी फोडणाऱ्याची मात्रा बैठ्या माणसाहून मोठीच असली पाहिजे. या दृष्टीने ते माप पथ्यही नव्हते व न्याय्यही नव्हते. पाणिनीने हे दोन शब्द एका सूत्रात बसविले, ते व्याकरणाच्या सोयीने असले तरी येथे अर्थानेही एकत्र येतात. ९५ वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुकडीचे वाटप झाले. त्या पिढीच्या तोंडी ‘सुकडी’ हा शब्द आजही दुष्काळाची खूण म्हणून येतो.

६. ‘डाएट’ व नंतर

युरोपातील शब्दांचा इतिहासही काही अंशी समांतर आहे. ग्रीक ‘दिआइता’ म्हणजे जीवनाची रीत. त्यापासून आलेला ‘डाएट’ आज आहारनियंत्रणापुरता उरला, जसा पथ्य शब्द वर्ज्यावर्ज्यापुरता उरला. लंडनमधील विल्यम बँटिंग या अंत्यसंस्कार व्यवस्थापकाने १८६३ मध्ये स्थूलतेवर एक पत्रिका प्रसिद्ध केली. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे टाळून आपले वजन सुमारे एका वर्षात ४६ पौंडांनी उतरले, असे त्यात त्याने लिहिले. पत्रिका इतकी लोकप्रिय झाली की त्याच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. ते तेथे मागे पडले, पण स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद वजन उतरविण्यासाठी कमी खाणे या अर्थी आजही वापरात आहे. मराठीने मात्र नवे क्रियापद न घडविता ‘डाएट करणे’ असा संयुक्त प्रयोग स्वीकारला. पथ्य पाळावयाचे असते, उपास धरावयाचा व सोडावयाचा असतो, डाएट ‘करावयाचे’ असते. पहिल्यात वर्तनाचे सातत्य आहे, दुसऱ्यात आरंभ व शेवट आहे, तिसऱ्यात नुसती कृती आहे.

आजची परिस्थिती या जुन्या चर्चेला पुन्हा प्रस्तुत करते. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी १८.७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आणि २४.० टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा अधिक होते. चरकाचे दोन्ही निंदित देह एकाच देशात, अनेकदा एकाच गावात, शेजारी शेजारी नांदत आहेत. अशा समाजात ‘कमी खा’ हा सरसकट उपदेश अर्ध्या श्रोत्यांना अपाय करणारा आहे. आपस्तंबाने ब्रह्मचाऱ्याचा घास मोजला नाही व चरकाने कृशाला संतर्पण सांगितले, याचे मर्म येथे आहे.

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. भारतीय परंपरेत मिताहार हा उपासमारीचा किंवा कृशतेचा पुरस्कार नाही; मित म्हणजे अल्प नव्हे, मित म्हणजे मापलेले. ते माप खाणाऱ्याच्या भुकेवर, वयावर, श्रमावर व पचनावर ठरते, आणि ते ओळखण्याची जबाबदारी व अधिकार त्याचाच. बदल एकदम न करता घासाघासाने करावयाचा, भरड धान्ये, कडधान्ये, भाज्या व ताक यांना पानात जागा द्यावयाची, आधीचे जिरल्याशिवाय पुढचे घ्यावयाचे नाही, आणि पोटाचा एक भाग रिकामा ठेवावयाचा, हे या परंपरेचे रोजच्या व्यवहारातले सार आहे. त्यातील वात-पित्ताची उपपत्ती ज्यांना मान्य नाही त्यांनाही हे सार स्वीकारण्यास अडचण पडू नये. भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट दिसते : लंघन, पथ्य व मात्रा या तिन्ही शब्दांचे अर्थ आकुंचन पावले तेव्हा त्यांच्यातील खाणाऱ्याचा विवेकच प्रथम गळाला, आणि मागे उरला तो केवळ निषेध.